दगड तरंगत नव्हते

गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात तरफ आणि कप्पी शिकवीत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याने मोबाइलवर पाहिले होते, की अमेरिकेत एका किरकोळ माणसाने एकट्याने दगडी वाडा बांधला आणि दगड म्हणे हवेत तरंगत. “सर, त्याच्या ताब्यात जिन्नात असतील का हो?” वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. घरी येऊन जे मिळेल ते वाचून काढले.

माणसाचे नाव एडवर्ड लीड्सकालनिन. जन्म 1887 चा, लॅटव्हियातला. उंची जेमतेम पाच फूट, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास, शिक्षण चौथीपर्यंत. सोळा वर्षांच्या एका मुलीशी लग्न ठरले होते. तिने आदल्या दिवशी नकार दिला, असे तो सांगे. देश सोडून तो अमेरिकेत आला, लाकूडतोडीच्या छावण्यांत राबला, क्षयाने आजारी पडला आणि हवा मानवेल म्हणून फ्लोरिडात जाऊन राहिला. तिथे सुमारे अठ्ठावीस वर्षे त्याने दगड घडवले. सगळे मिळून हजार टन. खुर्च्या, पलंग, बदामाच्या आकाराचे टेबल, छायाघड्याळ, ध्रुवतारा पाहण्यासाठी भोक पाडलेला उंच खांब. खोडकर मुलांना शिक्षा करायला एक कोपरासुद्धा! (आमच्या मुख्याध्यापकांना हे सांगितलेले नाही.) 1936 च्या सुमारास जागा बदलायची वेळ आली, तेव्हा पठ्ठ्याने सगळे दगड दहा मैलांवर हलवले.

रहस्य पसरले ते त्याच्याच स्वभावामुळे. तो रात्री कंदिलाच्या उजेडात काम करी, कोणी पाहत असेल तर हात थांबवी. विचारले तर म्हणे, पिरॅमिड बांधणाऱ्यांची युक्ती मला ठाऊक आहे. मग दुनियेला काय, चुंबकशक्ती झाली, अदृश्य शक्ती झाली.

पण त्याच्या अंगणातली छायाचित्रे आहेत. त्यांत तारेच्या खांबांसारख्या जाड लाकडांची उंच तिवई दिसते, वर कप्पी, खाली साखळी. मोटारीच्या भंगारातून त्याने हत्यारे बनवली होती. दगड लांबून आणायचा नव्हता, तो पायाखालीच होता. तिथला चुनखडक मातीच्या पातळ थराखाली लागतो. चर खणायची, पाचरी ठोकायच्या, शिळा सुटली की तिवईने उचलायची.

त्याचे सुमारे आठ टनांचे दार बोटाने ढकलले तरी फिरे. 1986 मध्ये ते अडकले, तेव्हा क्रेन आणि सहा माणसे लागली. दार काढले तर आत वरपासून खालपर्यंत आरपार भोक, त्यात लोखंडी दांडा आणि बुडाशी ट्रकचे बेअरिंग. म्हणजे तोल कुठे आहे हे त्या चौथी शिकलेल्याने नेमके शोधले होते.

दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र वर्गात नेले. जिन्नातवाला गप्प होता. खिडकीजवळचा एक मुलगा, ज्याचे अब्बा विहिरी खणतात, तो उठून म्हणाला, “सर, ही तर आमच्या अंगणात आहे. अब्बा हिच्यानेच दगड काढतात.” मग त्यानेच फळ्यावर साखळी कशी ओवतात ते काढून दाखवले. आमच्या आकृतीपेक्षा चांगली होती, हे कबूल करायला हवे.

शेवटी एका मुलीने विचारले, ती नवरी कधी पाहायला आली का? नाही, आम्ही म्हणालो. दहा सेंट तिकीट घेऊन तो परक्या लोकांना वाडा दाखवी, नंतर पंचवीस घेऊ लागला. ज्याच्याकडे पैसे नसत त्याला तसाच आत सोडी. 1951 च्या नोव्हेंबरात त्याने दारावर ‘दवाखान्यात जात आहे’ अशी पाटी लावली, मायामीला गेला आणि परत आला नाही. मागे साडेतीन हजार डॉलर निघाले.