स्वप्रकाशन
लेखकाने स्वतःच्या खर्चाने व स्वतःच्या जबाबदारीवर आपला ग्रंथ छापवून तो वाचकांपर्यंत पोहोचविण्याची पद्धती. प्रकाशक ग्रंथासाठी भांडवल घालतो व विक्रीची व्यवस्था करतो. त्याआधी तो हस्तलिखित वाचून ते छापण्याजोगे आहे की नाही, हे ठरवितो. स्वप्रकाशनात ही सर्व कामे लेखकाकडे येतात. त्यांपैकी पैशाचा भार प्रत्येकाच्या ध्यानात येतो. निर्णयाचा भार मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. पहिलेच पुस्तक लिहिणाऱ्या, आपल्या लेखनाविषयी साशंक असलेल्या लेखकाला हा दुसरा भार अधिक जाचतो, कारण आपले लेखन परक्याच्या नजरेने पाहणे त्याला अद्याप साधलेले नसते.

पुणे-मुंबईच्या ग्रंथव्यवसायापासून दूर असलेल्या खानदेशात (सध्याचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे) या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते. धरणगाव येथे १८९० मध्ये जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ मध्ये जळगावी भरलेल्या पहिल्या महाराष्ट्र कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. नियतकालिकांतून त्यांची कविता महाराष्ट्रभर पोहोचली; तथापि १९१८ मध्ये भादली येथे रेल्वे अपघातात त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. कीर्ती आणि पुस्तक या दोन भिन्न गोष्टी होत, हे यावरून दिसते. केशवसुतांच्या वाट्यालाही हेच आले.

छापखान्यावाचूनही लेखन वाचकापर्यंत नेता येते, याचे उदाहरण अमळनेर येथे आढळते. प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी छात्रालय  हे दैनिक हाताने लिहून काढीत. प्रत एकच, वाचक मात्र समोर वावरणारे आणि रोजचे. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनीच लिहून घेतली व त्यांतून गीता प्रवचने  हा ग्रंथ सिद्ध झाला. बोलणारा एक व लिहून घेणारा दुसरा, असा हा प्रकार होता.

खानदेशातील सर्वांत बोधप्रद उदाहरण याच प्रकारचे आहे. असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्यांनी रचलेली गाणी त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव व आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. जी टिपली गेली नाहीत ती नाहीशी झाली. सोपानदेव स्वतः काव्यक्षेत्रात वावरणारे असूनही ही वही बहिणाबाईंच्या हयातीत छापली गेली नाही. आईची, निरक्षर स्त्रीची आणि त्यातही लेवा बोलीतील रचना सुशिक्षितांपुढे कशी ठेवावी, हा संकोच त्यामागे असावा. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती संकोचतच आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांनी ती छापलीच पाहिजे असा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली व १९५२ मध्ये बहिणाबाईंची गाणी  हा संग्रह प्रसिद्ध झाला. (जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये याच कवयित्रीचे नाव देण्यात आले.) येथे अडचण केवळ पैशाची नव्हती. घराबाहेरच्या एका जाणत्या वाचकाने वही उघडून आपला अभिप्राय दिला, हे निर्णायक ठरले. कुसुमाग्रजांचा विशाखा  (१९४२) हा संग्रहही वि. स. खांडेकर यांनी स्वखर्चाने प्रकाशित केला होता. तेथे पारखणारा आणि पैसे घालणारा एकच होता. स्वप्रकाशन करणाऱ्या लेखकाने छापखान्यात जाण्यापूर्वी असा एखादा वाचक शोधला नाही, तर त्याची उणीव नंतर कशानेही भरून निघत नाही. बोलीभाषेत लिहिणाऱ्याला तर तो दुहेरी हवा : एक बोली जाणणारा व एक न जाणणारा. कोणत्या शब्दांना अर्थ द्यावा, हे दुसऱ्याकडूनच कळते.

खर्चाचे गणित मुद्रणतंत्राबरोबर बदलत गेले आहे. खिळ्यांच्या छपाईत एक फर्मा (बहुधा ८ वा १६ पृष्ठांचा) छापून झाला, की खिळे सोडवून पुढच्या फर्म्यासाठी वापरीत. त्यामुळे आधी थोड्या प्रती काढाव्या व मागणी आल्यास आणखी छापाव्या, हे परवडत नसे. सर्व जुळणी पुन्हा करावी लागे. जुळणीचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच व हजारांना तेवढाच, म्हणून लेखक हजार प्रती काढी आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर पडत. अमेरिकन लेखक थोरो याने पहिले पुस्तक १८४९ मध्ये स्वतःच्या जोखमीवर काढले; हजारांपैकी ७०६ प्रती १८५३ मध्ये त्याच्या घरी परत आल्या. आपल्या ग्रंथसंग्रहातील बहुतेक पुस्तके आपणच लिहिलेली आहेत, असा विनोद त्याने रोजनिशीत केला आहे. संगणकीय जुळणी व ऑफसेट मुद्रण यांमुळे पुनर्मुद्रण सुकर झाले आणि अंकीय मुद्रणामुळे आता पन्नास प्रतीही काढता येतात. प्रत्येक प्रत काहीशी महाग पडते, पण गठ्ठ्यांची भीती उरत नाही. साशंक लेखकाला हा मोठाच दिलासा होय.

कायद्याच्या दृष्टीने असा लेखक हा प्रकाशकच असतो. १९५४ च्या ग्रंथवितरण अधिनियमानुसार त्याने प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला व चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील विहित ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावयाची असते; पुष्कळांकडून हे राहून जाते. आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय अभिकरणाकडून लेखकाला स्वतःच्या नावे विनाशुल्क मिळतो. लेखनाधिकार लेखनाबरोबरच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे. हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासले जात असल्याने अनुदानाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्या तपासणीला आहे. याउलट, लेखकाकडून पूर्ण खर्च घेऊन पुस्तकावर स्वतःचे नाव घालणारे काही व्यावसायिक निवडीचा आभास निर्माण करतात. अशा व्यवहारात किती प्रती छापल्या, त्या कोणाच्या ताब्यात राहणार, पुढील आवृत्तीचा हक्क कोणाकडे आणि मुद्रिते कोण तपासणार, या गोष्टी करारात लिहून घेणे अगत्याचे असते. मुद्रिते लेखकाने स्वतः वाचावीत, पण एकट्याने वाचू नयेत. आपल्याच मजकुरातील चुका डोळ्यांना दिसत नाहीत.

विक्री हा सर्वांत दुबळा भाग राहतो. पुस्तकांची दुकाने शहरांपुरती असल्याने तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय, शाळा व परिचितांचे वर्तुळ हेच वाचक होत. एकोणिसाव्या शतकात ग्रंथ छापण्यापूर्वीच वर्गणीदार गोळा करीत व त्यांची नावे ग्रंथात छापीत; आजही काही लेखक आधी नावनोंदणी करून तेवढ्याच प्रती काढतात.