बाजरीच्या मुलखात आफ्रिकी फिंच

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेला कोरडा गवताळ पट्टा साहेल या नावाने ओळखला जातो. बीड जिल्ह्याच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या पिकणारी बाजरी मूळची या पट्ट्यातली असून, तेथेच गवताचे बी टिपून जगणारे फिंच, म्हणजे आखूड, शंकूच्या आकाराच्या चोचीचे चिमुकले पक्षी, आज जगभर हौसेने पाळले जातात. निळसर अंगाचा कॉर्डन-ब्लू, गळ्यावर लाल पट्टा असलेला कटथ्रोट आणि फिकट तपकिरी सिल्व्हरबिल या त्यांतील परिचित जाती होत. कॉर्डन-ब्लूच्या गालावरील तांबडा डाग आणि कटथ्रोटचा पट्टा फक्त नरांना असतो. सिल्व्हरबिलमध्ये मात्र नर-मादी सारखेच दिसत असल्याने गाणारा तो नर, असे ओळखावे लागते.

बीडची कोरडी हवा या पक्ष्यांना परकी नाही, परंतु उघड्या माळावर सावली शोधणारा पक्षी आणि पत्र्याच्या छपराखालच्या पिंजऱ्यात अडकलेला पक्षी यांची उन्हाळ्यातील स्थिती एक नसते. म्हणून पिंजरा उंचीपेक्षा लांबीला अधिक, वारा खेळेल असा आणि सावलीत असावा. बाजरी, राळा, वरई हा रोजचा आहार झाला, पण खरी कसोटी पिलांच्या वेळी लागते. मादी साधारणतः चार ते सहा अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने सुमारे बारा-तेरा दिवस ती उबवतात आणि जवळपास तीन आठवड्यांनी पिले घरट्याबाहेर येतात. या काळात सिल्व्हरबिल भिजवून मोड आणलेल्या दाण्यांवरही पिले वाढवू शकतो, तर कॉर्डन-ब्लूला वाळवी किंवा लहान अळ्यांसारखे जिवंत खाद्य मिळाले नाही तर पिले सहसा जगत नाहीत. पिंजऱ्यात समुद्रफेन ठेवावे, कारण चुना कमी पडला तर अंडे अडकून मादी दगावू शकते.

एके काळी सेनेगलमधून हे पक्षी रानातून पकडून लाखोंनी युरोपात पाठवले जात. बर्ड फ्लूच्या भीतीने युरोपीय संघाने २००५ मध्ये रानपक्ष्यांची आयात थांबवली. त्यामुळे पिंजऱ्यातच निपजलेले पक्षी घेणे हाच आज पाळणाऱ्यापुढील रास्त मार्ग आहे. पिलू काही दिवसांचे असतानाच पायात घातलेले अखंड कडे ही त्याची चांगली खूण होय, कारण मोठ्या पक्ष्याच्या पायात ते चढत नाही.

आफ्रिकी सिल्व्हरबिलची सख्खी बहीण शोभावी अशी पांढऱ्या कंठाची मनोली मराठवाड्याच्या माळरानांवर थव्याने वावरते. ती व लाल मनोली यांसारखे देशी रानपक्षी पकडणे, विकणे आणि पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. विदेशी पक्ष्यांच्या नावाखाली त्या विकल्या जात असल्याचे दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.