कीमो लागू का पडत नाही? तोंडाच्या कॅन्सरमधली 'बंद बटणं' आणि नवी औषधं

शिळफाट्यावरून (मुंब्र्याजवळचा नव्हे, आपला खोपोलीचा) एका वाचकाचा फोन आला. त्यांच्या वडिलांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, शेक झाला, तरी गाठ परत आली. मग सिस्प्लाटिनची कीमो सुरू झाली. तीन सायकलनंतर डॉक्टर म्हणाले, औषध आता लागू पडत नाही. घरात लगेच चर्चा सुरू. इंजेक्शन डुप्लिकेट असेल, हॉस्पिटल बदलू या, अब्बांनी लपूनछपून गुटखा खाल्ला असेल. मुलाने व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक मेसेज आम्हाला पाठवला आणि विचारलं, "हे एपिजेनेटिक औषध खरंच मिळतं का? जमीन विकावी लागली तरी चालेल."

जमिनीचं नाव निघालं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

सिस्प्लाटिन हे प्लॅटिनम धातूपासून बनलेलं औषध. ते पेशीत शिरून डीएनएला चिकटतं. मग पेशीला डीएनएची नक्कल करता येत नाही आणि ती मरते. पण काही कॅन्सर पेशी यातूनही वाचतात. कुणी औषध आत येऊच देत नाही, कुणी बाहेर फेकते, कुणी तुटलेला डीएनए भराभर दुरुस्त करते. कुणी तर 'आता मर' हा निरोप देणारा जनुकच बंद करून बसते. मेलेल्यांच्या जागी मग अशाच चिवट पेशी वाढतात. यात रुग्णाचा दोष नाही, आणि इंजेक्शन बनावटच होतं असंही यातून सिद्ध होत नाही.

जनुक 'बंद' होतो म्हणजे काय? घरातल्या वायरिंगचा विचार करा. वायर शाबूत आहे, बल्ब चांगला आहे, पण बटणावर कुणी चिकटपट्टी मारून ठेवली आहे. पेशीत ही चिकटपट्टी दोन तऱ्हेने लागते. एक, डीएनएवर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक ठिपका बसतो. दुसरी, डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, ती गुंडाळी इतकी घट्ट होते की आतलं काही वाचताच येत नाही. जनुकाची अक्षरं तीच राहतात, वाचन थांबतं. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. वायर तुटलेली नसल्यामुळे चिकटपट्टी काढता येईल, ही या संशोधनामागची सगळी आशा.

हे आपल्याकडच्या कॅन्सरला लागू आहे का? आहे. खारघरच्या टाटा मेमोरियल सेंटरची अॅक्ट्रेक संस्था आणि पश्चिम बंगालमधली कल्याणीची जीनोम संस्था यांनी मिळून गाल-हिरडीच्या कॅन्सरचा, म्हणजे तंबाखू खाणाऱ्यांत जास्त दिसणाऱ्या प्रकाराचा, अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार बिघडलेल्या जनुकांत त्यांना एमएलएल4 आणि एआरआयडी2 हेही सापडले. दोघांचं काम हिस्टोन आणि डीएनएची गुंडाळी सांभाळण्याचं. थोडक्यात, बटणं सांभाळणारा वायरमनच काही रुग्णांत बिघडलेला होता.

चिकटपट्टी काढणारी औषधं आहेत. अॅझासायटिडिन आणि डेसिटाबिन मिथाइलचे ठिपके कमी करतात. अमेरिकेत त्यांना 2004 आणि 2006 मध्ये मान्यता मिळाली, पण रक्ताच्या आजारांसाठी. गुंडाळी सैल करणाऱ्या व्होरिनोस्टॅटला 2006 मध्ये मिळाली, त्वचेतल्या एका लिम्फोमासाठी. प्रयोगशाळेत, सिस्प्लाटिनला न जुमानणाऱ्या डोकं-मानेच्या कॅन्सर पेशींना डेसिटाबिन दिल्यावर त्या पुन्हा सिस्प्लाटिनने मरू लागल्याचं दिसलं आहे. इटलीत नेपल्सच्या डॉक्टरांनी फिट्सवरचं जुनं, स्वस्त व्हॅल्प्रोइक अॅसिड सिस्प्लाटिनसोबत देऊन पाहण्याची चाचणी हाती घेतली.

पण काचेच्या बशीतली पेशी आणि खाटेवरचा माणूस यांत फार अंतर आहे. ही औषधं फक्त कॅन्सरचीच बटणं ओळखत नाहीत, चांगल्या पेशींचीही उघडतात. रक्तातल्या पेशी कमी होतात, आणि सोबत सिस्प्लाटिन असेल तर किडनीवर ताण असतोच. म्हणून तोंडाच्या कॅन्सरसाठी हे अजून नेहमीचे उपचार नाहीत, चाचणीतलेच आहेत. फिट्सची गोळी मेडिकलमधून आणून स्वतः सुरू करणं तर सरळ धोक्याचं. आणि चाचणीतल्या औषधासाठी कुणी लाखो रुपये मागत असेल, तर तिथून उठून या.

मग आज काय आहे? टाटाच्या डॉक्टरांनी 422 रुग्णांवर तुलना केली. एका गटाला सिस्प्लाटिन, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या. सिस्प्लाटिन गटातले निम्मे रुग्ण 6.1 महिन्यांपुढे जगले, गोळ्यांच्या गटातले 7.5. फरक लहान आहे, पण गोळ्या स्वस्त, घरी घेता येणाऱ्या आणि त्रासही कमी. पुढे 2022 मध्ये त्यांनीच दाखवलं की अशा गोळ्यांसोबत निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर जातं. ही एपिजेनेटिक औषधं नव्हेत. पण सिस्प्लाटिन थकलं म्हणजे सगळे दरवाजे बंद झाले, असं नाही.

त्या मुलाला आम्ही सांगितलं: सगळी फाईल, स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक घे, चौक-पनवेलवरून खारघर गाठ. तिथे दोनच गोष्टी विचार, गोळ्यांचा हा उपचार अब्बांना झेपेल का, आणि त्यांना बसेल अशी एखादी चाचणी चालू आहे का. त्यांना गुटख्यावरून बोलणं बंद कर, आधीच खचलेत. आणि सातबारा घरीच राहू दे.