काऊचा घास

शाळेत एका घंटेसरशी शेकडो मुलांना रांगेत उभा करणारा मी, इंदूरच्या आमच्या घरी दीड वर्षाच्या नातवापुढे मात्र पुरता हतबल होतो. मऊ भात, तूप, मेतकूट. चिऊचा घास, काऊचा घास. चिऊ-काऊ जेवून उडून जात, चिरंजीव ओठ मिटून बसत! एकदा दरडावून घास भरवला, तो थेट माझ्या चष्म्यावर परतला. मला हसू आले. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. "बाबा, हा वाळत तर नाही ना चालला?"

डॉक्टरांनी वजन केले, समाधानाने मान हलवली. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवेळच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात वाढते ते साधारण २ ते २॥ किलोच. साहजिकच भूकही मंदावते. काय नि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, हे मुलाने. (छडीच्या धाकात वाढलेल्या आमच्या पिढीला हे पचायला जडच!)

दुसऱ्या दिवशी त्याची वाटी पुढे ठेवून आम्ही मुकाट्याने आपापले जेवू लागलो. थोडा भात केसांत गेला, बराचसा जमिनीवर, उरलेला पोटात. मग स्वारी दुडदुडत माझ्या पाटाशी आली आणि चिकट मूठ माझ्या ओठांवर दाबून म्हणाली, "काऊ!"