अफगाण चर्च : भिंतीवर न मावलेल्यांचा मागोवा

नेव्ही नगरच्या वाटेवर, कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे उभ्या असलेल्या चर्चचे खरे नाव फार थोड्या मुंबईकरांना ठाऊक असते. कागदोपत्री ते सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट यांचे चर्च. बसथांब्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी मात्र एकच नाव, अफगाण चर्च. इथे कधीकाळी अफगाणांची वस्ती असावी, असा नव्या माणसाचा समज होतो. तसे काही नाही. मुंबईहून जहाजांत बसून सिंध, बलुचिस्तान आणि अफगाणिस्तानात गेलेल्या आणि परत न आलेल्या फौजेचे हे स्मारक आहे. आपल्याकडे युद्धस्मारक म्हटले की स्तंभ, चबुतरा किंवा कमान डोळ्यांसमोर येते. इथे अख्खी वास्तूच स्मारक म्हणून बांधली गेली, आणि तिच्या उभारणीत एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईची वीसेक वर्षे सापडतात.

सुरुवात १८३८ ची. रशिया अफगाणिस्तानात हातपाय पसरील या धास्तीने ईस्ट इंडिया कंपनीने काबूलच्या गादीवर आपल्या मर्जीतला शाह शुजा बसवायचे ठरवले. बंगालची फौज उत्तरेकडून निघाली. मुंबईची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखाली समुद्रमार्गे सिंधू नदीच्या मुखाशी उतरली, सिंध ओलांडून बोलन खिंडीतून वर चढली. वाटेत कराची कंपनीच्या ताब्यात आली. पाण्याअभावी आणि चाऱ्याअभावी उंट हजारोंनी मेले. २३ जुलै १८३९ ला गझनीचा किल्ला पडला, ऑगस्टमध्ये काबूल. पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फातून माघारी निघाले. १३ जानेवारीला जलालाबादच्या तटावरच्या पहारेकऱ्यांना एकच घोडेस्वार येताना दिसला, डॉ. विल्यम ब्रायडन. त्याच्या मागून तुरळक माणसे आली, काही कैदेतून सुटली. बाकीची तिथेच राहिली. ती फौज मुख्यतः बंगालची होती, पण युद्धाची धग मुंबईच्या पलटणींनाही लागली.

मराठी वाचकाने या मोहिमेतला एक प्रसंग तरी लक्षात ठेवावा असा आहे. बलुचिस्तानातल्या मरी टोळ्यांच्या मुलखात काहान नावाचा एक छोटा किल्ला आहे. १८४० च्या उन्हाळ्यात कॅप्टन लुईस ब्राउन आणि मुंबईच्या ५ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे सुमारे ३०० शिपाई तिथे अडकले. भोवती वैराण डोंगर, बाहेर मरींचा वेढा, आत शिधा संपत चाललेला. ऑगस्टअखेर मेजर क्लिबॉर्नची तुकडी सुटका करायला आली, तर नफुस्क खिंडीच्या चढणीवर तिचा पराभव झाला. तिथे तलवारीने जितकी माणसे नेली, तितकीच दाहक उन्हाने आणि तहानेने नेली. किल्ल्यातले शिपाई तरीही सप्टेंबरअखेरपर्यंत तग धरून राहिले आणि शेवटी बोलणी करून, शस्त्रांसह बाहेर पडले. १८४१ मध्ये या पलटणीला ‘लाइट इन्फन्ट्री’ हा मान मिळाला. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, फौजेत जिला ‘काली पांचवी’ म्हणतात, ती हीच. बेळगावच्या केंद्रात भरती होणाऱ्या साताऱ्या-कोल्हापूरच्या पोरांच्या पलटणीच्या नावातले ते दोन शब्द या युद्धातून आलेले आहेत.

अफगाणिस्तानातून फौजा माघारी आल्या आणि लगेच १८४३ मध्ये सर चार्ल्स नेपियर यांनी सिंध घेतले. फेब्रुवारीत मियाणी, मार्चमध्ये डब्बा. सिंध बळकावण्याचा आपल्याला काही हक्क नाही, हे नेपियर यांनी स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवले होते. या लढायांतही मुंबईच्या देशी पलटणी पुढे होत्या.

या सगळ्या मेलेल्यांसाठी काही करावे ही कल्पना कुलाब्याचे धर्मोपदेशक रेव्हरंड जॉर्ज पिगट यांची. त्या काळचा कुलाबा म्हणजे लष्कराची छावणी. १८३८ मध्ये कॉजवे पुरा होईपर्यंत ते बेटच होते, आणि भरती आली की शहराशी संबंध तुटायचा. छावणीतली प्रार्थना गवती छपराच्या साध्या देवळात चाले. पक्के चर्च हवेच होते. त्यालाच स्मारकाचे रूप द्यायचे ठरले आणि वर्गणी जमू लागली. सरकारने जागा दिली, पण एका अटीवर. चर्चचा मनोरा इतका उंच हवा की बंदराकडे येणाऱ्या जहाजांना तो दुरून दिसावा आणि खूण म्हणून उपयोगी पडावा. मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या वास्तूने जिवंत खलाशांना वाट दाखवावी, ही अट मला या साऱ्या हकिगतीतली सर्वांत माणुसकीची वाटते.

ऑक्सफर्डचे वास्तुरचनाकार जॉन मॅकडफ डेरिक यांनी पहिला आराखडा केला. तो इतका खर्चिक निघाला की बाजूला ठेवावा लागला. मग काम हेन्री कॉनिबेअर यांच्याकडे आले. हे नाव मुंबईने अधिक आठवणीत ठेवायला हवे. कॉनिबेअर पेशाने अभियंता. नळाने शहराला पाणी पुरवणारा विहार तलाव त्यांचाच. ४ डिसेंबर १८४७ ला पायाभरणी झाली. पिवळसर बेसॉल्ट आणि चुनखडीचा दगड जवळपासचाच, शैली मात्र इंग्लंडमधल्या तेराव्या शतकातल्या चर्चची. आज आपण मुंबईची ओळख म्हणून ज्या गॉथिक इमारती दाखवतो, विद्यापीठ, उच्च न्यायालय, पूर्वीचे व्हीटी स्थानक, त्या सगळ्या यानंतरच्या. या शहरात ती शैली प्रथम खऱ्या अर्थाने रुजली ती कुलाब्यात.

बांधकाम दहा वर्षे रेंगाळले आणि ७ जानेवारी १८५८ ला बिशप जॉन हार्डिंग यांच्या हस्ते चर्चचे पवित्रीकरण झाले. तारीख पुन्हा एकदा वाचावी. त्याच महिन्याच्या २७ तारखेला दिल्लीत बहादूरशहा जफरवर खटला उभा राहिला. आणि मुंबईत? चर्चपासून काही अंतरावर, आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, १५ ऑक्टोबर १८५७ ला हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गाडिया यांना तोफेच्या तोंडी दिले गेले होते. आरोप फितुरीचा. दोघेही कंपनीच्या मुंबई फौजेतलेच. म्हणजे ज्या फौजेच्या मृतांसाठी चर्च पुरे होत होते, त्याच फौजेतल्या दोघांच्या शरीरांच्या चिंधड्या तीन महिन्यांपूर्वी शहराने पाहिल्या होत्या. १८५८ च्या ऑगस्टमध्ये कंपनीचे राज्य संपवणारा कायदाच झाला. जिच्या लढायांसाठी माणसे मेली, त्या कंपनीचे राज्य स्मारकाच्या पवित्रीकरणानंतर काही महिनेच टिकले.

मनोरा तरीही बाकीच होता. तो पुरा व्हायला १८६५ चा जून उजाडला. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, बॅकबे भराव कंपनीच्या शेअरवर शहर वेडे झाले होते आणि पैसा हाती खेळत होता. कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने मनोऱ्यासाठी साडेसात हजार रुपये दिले. चर्चचा एकूण खर्च ५ लाख ६५ हजारांच्या घरात गेला. १९८ फुटांचा मनोरा उभा राहिला आणि त्यानंतर महिनाभरातच, १ जुलै १८६५ ला, शेअरबाजार कोसळला. मनोऱ्यातल्या आठ घंटा आणखी उशिरा, १९०४ मध्ये, इंग्लंडच्या लाफबरो गावातल्या टेलर यांच्या कारखान्यातून आल्या. त्याच कारखान्याच्या घंटा पुण्याच्या पंचहौद मिशनच्या चर्चमध्येही आहेत.

आत शिरल्यावर प्रथम उजेड जाणवतो. विल्यम वेल्स यांनी केलेल्या रंगीत काचांतून तो येतो आणि भौमितिक नक्षीच्या, इंग्लंडहून आणलेल्या फरशीवर पडतो. विल्यम बटरफिल्ड या नामांकित वास्तुकाराने आतली सजावट, बाके, पडदी यांची रचना केली. वेदीकडच्या भागात भिंतींवर नावे आहेत. अधिकाऱ्यांची नावे, पदे, पलटणी. त्या नावांपुढे मी शांतपणे उभा राहतो, कारण तीही कुणाची तरी मुले होती, बरीचशी विशीतली. पण नजर खिळते ती अर्पणलेखाशी. त्याचा आशय असा: हे चर्च ज्यांची नावे भिंतीवर आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची संख्या नावे लिहिण्यापलीकडची आहे त्या हवालदार-शिपायांच्या स्मरणार्थ आहे. कर्तव्याचे भान ठेवून, आजाराने किंवा तलवारीने, ते पडले.

संख्या नावे लिहिण्यापलीकडची. न्यायाने सांगायला हवे की हा निकष फक्त हिंदी शिपायांना लावलेला नाही. गोरे शिपाईही त्यात बिननावाचेच राहिले. त्या काळच्या फौजेत नाव असे ते हुद्द्याला. तरीही जागा नव्हती हे कारण मला पुरेसे वाटत नाही. या मुंबई फौजेनेच त्याआधी पंचवीसेक वर्षे भीमेकाठी कोरेगावला स्तंभ उभारला होता, आणि १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या ४९ जणांची नावे त्यावर कोरली होती. त्यांतली २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाची, महार शिपायांची. शिपायाचे नाव दगडावर येऊ शकते, हे कंपनीला माहीत होते. त्या नावांनी पुढे काय केले तेही आपल्यासमोर आहे. १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि आजही दर १ जानेवारीला लाखो माणसे जातात. दगडावरचे नाव एका समाजाला केवढा आधार देते, हे महाराष्ट्राइतके कुणाला सांगावे लागणार नाही.

कुलाब्याच्या भिंतीवर ती सोय झाली नाही. मुंबई फौजेतला शिपाई कोण होता? रत्नागिरी-कुलाबा जिल्ह्यांच्या खाजणांतला मराठा, महार, अलिबाग-रेवदंड्याकडचा बेने इस्रायली, साताऱ्याचा कुणबी, उत्तरेतला परदेशी, कोकणी मुसलमान. त्यांच्या घरी तार गेली नाही, कारण तार अजून यायची होती. कुणी मुंबईला आलेल्या गाववाल्याकडून ऐकले असेल, कुणाची आई वाट पाहतच गेली असेल.

बिननावाची ही रीत पुढेही बराच काळ चालली. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या गावोगावच्या चावड्यांत, शाळांत संगमरवरी पाट्या बसल्या. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत, एवढेच त्यावर. साताऱ्याच्या अपशिंगेची पाटी ४६ आकडा सांगते. नावाचा मान मिळाला तो हळूहळू. मुंबईतच मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्याच युद्धात समुद्राने गिळलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे ब्राँझच्या पाट्यांवर आहेत, आणि तिथे तांडेल आणि खलाशी एकाच मापाच्या अक्षरांत आहेत. कुलाब्यापासून मशीद बंदरपर्यंत येण्यास स्मारकांना कित्येक दशके लागली. अफगाण चर्च बघितले की माणसाने तिथेही जावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. लोक चर्चच्या काचा बघायला येतात, सेलर्स होमकडे क्वचितच वळतात.

चर्चची आजची अवस्था समाधानाची आहे. पहिल्या दर्जाची वारसावास्तू म्हणून त्याची नोंद आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मुंबई धर्मप्रांताकडे त्याचा कारभार आहे, प्रार्थना नियमित होतात. अलीकडच्या वर्षांत रंगीत काचांसह डागडुजीही झाली. इंग्रजांनी बांधले म्हणून ते परके, असे मानणाऱ्यांशी माझा वाद आहे. ज्या युद्धासाठी ते बांधले ते युद्ध अन्यायाचेच होते, अफगाणांवर लादलेले होते, यात शंका नाही. पण त्यात मेलेला साताऱ्याचा शिपाई आपला होता, आणि त्याचा उल्लेख, नाव न घेता का होईना, ही वास्तू करते.

काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुरालेखागार आहे. कंपनीकाळातली मुंबई सरकारची दप्तरे तिथे आहेत, आणि ते चर्चपासून पायी जाता येईल इतके जवळ आहे. इतिहासाच्या कुणा विद्यार्थ्याने काहानची, नफुस्कची, मियाणीची कागदपत्रे हाती घ्यावीत आणि जितकी सापडतील तितकी नावे उतरवून काढावीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या माजी सैनिकांनी आणि चर्चच्या विश्वस्तांनी मिळून ती एका साध्या पाटीवर, मराठीत, चर्चच्या आवारात लावावीत. दहा नावे मिळाली तरी दहा लावावीत.