तबकडीत साठविलेला नाद

तबकडी म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांना ग्रामोफोन आठवतो. त्या तबकडीवरील खाच म्हणजे ध्वनिलहरींचीच नक्कल होती. सोनी व फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली विक्रीस आली. तिच्यात लहर नाही, आकडे आहेत. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घ्यावयाचे आणि ते एक-शून्याच्या भाषेत सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपाने मांडावयाचे, ही तिची रीत. खड्ड्यांची ही सर्पिल वाट केंद्राकडून कडेला जाते. सरळ केली तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरेल!

एवढे करूनही गाणे मावते सुमारे ७४ मिनिटांचे. भजनाची बैठक काही घड्याळ पाहून चालत नाही. ही अडचण एमपी-थ्रीने दूर केली. मृदंगाच्या थापेत शेजाऱ्याचे पुटपुटणे आपल्या कानी पडत नाही. मग जे कानाला कळतच नाही त्यावर आकडे का खर्चावेत, एवढाच त्यामागील विचार. नेहमीच्या मापाने ध्वनी अकराव्या हिश्शात बसतो आणि ७०० मेगाबाइटच्या एका तबकडीत सुमारे बारा तास मावतात. दोन-दोन तासांची सहा कीर्तने झाली की! जाणकारांची तक्रार मात्र रास्त आहे : या काटकसरीत टाळेचा तीक्ष्ण नाद आधी बिघडतो.

सोनीनेच १९९२ मध्ये मिनिडिस्क आणली होती. लेसरने तापवून चुंबकाने लिहिण्याची ही तबकडी पुनःपुन्हा वापरता येई व खिशातही मावे. आपल्याकडे ती रुजली नाही. २०१३ साली सोनीने तिची यंत्रे बंद केली.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. एमपी-थ्री तबकड्यांचा सुकाळ त्यानंतरच्या काही वर्षांतला. संत नामदेवांची नर्सी ज्या जिल्ह्यात आहे, तेथे कोणाच्या कपाटात गावच्या भजनी मंडळाची, कदाचित आता हयात नसलेल्या गायकाची, तबकडी असेल तर पुढील गोष्ट महत्त्वाची आहे. संगणकावर लिहिलेल्या तबकडीत खड्डे नसतात. लेसरने रंगाच्या थरावर खुणा केलेल्या असतात. हा रंग ऊन व उष्णता यांनी खराब होतो, आणि मराठवाड्याचा उन्हाळा आपण जाणतोच. लोक चकचकीत बाजू जपतात, पण नाजूक असते ती नाव लिहिण्याची बाजू. तिच्या पातळ लेपाखालीच परावर्तक थर असतो. तेथे ओरखडा गेला की उपाय नाही. खालच्या बाजूचा लहान ओरखडा यंत्र गणिताने भरून काढते.

पुसताना मऊ कापड केंद्राकडून कडेकडे न्यावे, गोल फिरवू नये. वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग आकडे खातो व गणित हरते. नव्या लॅपटॉपांत तबकडीचा कप्पा बहुधा नसतो. बाहेरून जोडावयाचा कप्पा मिळतो, त्यातून नक्कल करावी, ती दोन ठिकाणी ठेवावी आणि गायकाचे नाव, गाव व साल तिच्यासोबत लिहावे.