कला कोणाची, नफा कोणाचा?
ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे पर्यटन आणि कला-व्यवसाय

१४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियाने पौंडाचा त्याग करून डॉलर हे दशमान चलन स्वीकारले. नव्या एक डॉलरच्या नोटेच्या मागील बाजूस एक वैशिष्ट्यपूर्ण चित्र होते. झाडाच्या सालीवर नैसर्गिक रंगांनी रेखाटलेल्या एका पारंपरिक चित्राच्या आधारे ते घेतलेले होते. मूळ चित्रकार अनामिक असून बहुधा केव्हाच दिवंगत झालेला असावा, असे बँकेने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात उत्तरेकडील आर्नहेम लँड या प्रदेशात राहणारे डेव्हिड मलांगी हे त्या चित्राचे कर्ते होते आणि ते हयात होते. आपल्या पूर्वजाच्या अंत्यविधीची पवित्र कथा देशाच्या प्रत्येक खिशात पोहोचली आहे, याची त्यांना कोणी कल्पनाही दिली नव्हती. ही बाब उघडकीस आल्यावर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कूम्ब्स यांनी त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य देऊन सन्मानित केले. ज्या समाजाच्या प्रतिभेवर देशाची नोट सजली, त्या समाजाच्या वाट्याला त्या प्रतिभेचे मोल मात्र असे, उशिरा आणि इतरांच्या मर्जीने आले.

व्यापारी कुटुंबात वाढलेल्या वाचकाला या प्रसंगातील मर्म वेगळे सांगावयास नको. माल कोणाचा, त्यावर नाव कोणाचे आणि नफा कोणाच्या वहीत जमा होतो, हे तीन प्रश्न प्रत्येक व्यवहाराच्या मुळाशी असतात. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या, म्हणजेच ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी समाजांच्या, गेल्या अर्धशतकातील उद्योगप्रयत्नांचा इतिहास म्हणजे याच तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या बाजूने वळविण्याचा इतिहास होय.

हिरावलेले आणि परत मिळालेले

१७८८ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत सिडनीच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. कोणताही करार न करता ही भूमी ताब्यात घेण्यात आली. पुढे अनेक पिढ्या मूळ रहिवासी गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर अन्नवस्त्राच्या मोबदल्यात किंवा तुटपुंज्या वेतनावर राबले. काही प्रांतांत तर त्यांचे वेतन सरकारच परस्पर ताब्यात घेत असे. भांडवल साठण्यास पहिली पिढी लागते, ते वाढण्यास दुसरी आणि त्यातून पेढी उभी राहण्यास तिसरी. येथे मात्र पहिल्या पिढीलाच संचयाची संधी नाकारली गेली. आज हा समाज देशाच्या लोकसंख्येत सुमारे ३.८ टक्के आहे.

१९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशासाठी जमीनहक्काचा कायदा झाला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्याच्या निकालात हा खंड कोणाच्याही मालकीचा नव्हता ही जुनी समजूत मोडीत काढली. जमिनी परत मिळू लागल्या, पण त्यांच्याबरोबर एक अडचणही आली. १९७६ च्या कायद्याने मिळालेली जमीन सामूहिक मालकीची असून ती विकता येत नाही. ती पुन्हा हातची जाऊ नये म्हणून ही तरतूद आवश्यकच होती. परंतु जी जमीन विकता येत नाही, ती बँकेकडे तारणही ठेवता येत नाही. डोळे पोहोचतील तेथवर पसरलेल्या भूमीचा वारस असूनही एका बोटीसाठी किंवा प्रवासी गाडीसाठी कर्ज मिळविणे त्याला दुरापास्त होते. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘इंडिजिनस बिझनेस ऑस्ट्रेलिया’ ही सरकारी संस्था कर्ज आणि भागभांडवल पुरविते. २००९ मध्ये स्थापन झालेली आणि आज ‘सप्लाय नेशन’ नावाने ओळखली जाणारी संस्था अशा उद्योगांची मालकी तपासून त्यांची सूची ठेवते. १ जुलै २०१५ पासून केंद्र सरकारने आपल्या खरेदी-कंत्राटांचा ठरावीक हिस्सा मूळ रहिवाशांच्या उद्योगांना देण्याचे धोरण स्वीकारले. अनुदानापेक्षा ग्राहक मिळणे हे कोणत्याही नव्या दुकानाला अधिक बळ देते, हे सूत्र त्यामागे आहे.

शिखर बंद झाले, दार उघडे राहिले

खंडाच्या मध्यभागी लाल वाळूच्या मैदानातून उठलेला उलुरू हा अजस्र खडक जगभरातील प्रवाशांना परिचित आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने या भूमीचे मालकीपत्र आनांगू या तेथील मूळ समाजाच्या हाती सुपूर्द केले. त्याच वेळी आनांगूंनी ही भूमी राष्ट्रीय उद्यान म्हणून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला दिली. आज उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळात आनांगूंचे बहुमत आहे, आणि वार्षिक भाड्याबरोबर प्रवेशशुल्काच्या उत्पन्नातील २५ टक्के वाटाही त्यांना मिळतो.

तरीही एक शल्य उरले होते. खडकावर चढून जाणे हे प्रवाशांचे मुख्य आकर्षण होते. आनांगूंच्या दृष्टीने मात्र तो मार्ग त्यांच्या पूर्वजांच्या कथेशी निगडित आणि पवित्र होता. शिवाय त्या चढणीवर तीसहून अधिक प्रवाशांनी प्राण गमावले होते. आपल्या भूमीवर आलेला पाहुणा मृत्यू पावतो, याचे दुःख यजमान म्हणून त्यांना वाहावे लागे. वर्षानुवर्षे त्यांनी केवळ विनंती केली, सक्ती केली नाही. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये मंडळाने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, मालकीपत्र मिळाल्यास ३४ वर्षे झाली त्याच दिवशी, चढाई कायमची बंद झाली. प्रवासी कमी होतील आणि उत्पन्न घटेल, हा इशारा पुष्कळांनी दिला होता. ज्याच्या जिवावर गर्दी जमते तेच विकावयाचे नाही, असे ठरविणे कोणत्याही व्यवसायाला सोपे नसते. आनांगूंनी तो निर्णय जाणीवपूर्वक घेतला.

चढाई बंद झाली तरी पाहण्यासारखे कमी झाले नाही. खडकाभोवती सुमारे दहा किलोमीटरची प्रदक्षिणा करता येते. काही पवित्र स्थळी छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, तसे फलक तेथे असतात. आनांगूंच्याच मालकीची ‘मारुकू आर्ट्स’ ही संस्था १९८४ पासून शेकडो कलाकारांच्या लाकडी कोरीव वस्तू आणि चित्रे विकते. तिच्या कार्यशाळेत प्रवाशाला चित्रांतील ठिपक्यांचा आणि चिन्हांचा अर्थ कलाकाराकडूनच समजून घेता येतो.

उत्तरेकडे कॅथरिन गावाजवळची निटमिलुक घळ १९८९ मध्ये जावोइन समाजाला परत मिळाली. तेरा घळींतून वाहणाऱ्या त्या नदीवरील नौकाविहार आज जावोइन समाजाच्या मालकीच्या कंपनीतर्फे चालतो. तिकिटाचे पैसे आणि वर्षअखेरीचा नफा त्याच समाजाच्या कंपनीकडे येतो. मालकी आणि मजुरी यांतील अंतर येथे स्पष्ट होते. एखाद्या परक्या कंपनीने आदिवासी नर्तकाला संध्याकाळच्या कार्यक्रमाचे मानधन दिले, तर त्याला रोजगार मिळतो, पण कार्यक्रमात काय दाखवावे आणि काय झाकून ठेवावे हे ठरविण्याचा अधिकार मिळत नाही. कोणती कथा परक्यांपुढे सांगावयाची आणि कोणती केवळ दीक्षितांसाठी राखावयाची, याचे कडक नियम या समाजात आहेत. ते पाळता येण्यासाठी मालकीच हाती असावी लागते.

चित्रांतून उभे राहिलेले रुग्णालय

मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्या या वस्तीत १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने काही वयस्क पुरुषांनी आपली वाळूवरील आणि अंगावरील पारंपरिक रेखाटने फळ्यांवर रंगविण्यास प्रारंभ केला. पुढील वर्षी त्यांनी ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. कंपनीचे भागधारक स्वतः त्या समाजातील लोक होते आणि आजही आहेत. अर्ध्या शतकात या चित्रशैलीने जगभरातील संग्रहालयांत स्थान मिळविले.

या यशाची खरी कसोटी मात्र वेगळ्याच प्रसंगी लागली. वाळवंटातील वस्त्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार फार मोठ्या प्रमाणावर पसरला आहे. डायलिसिसची सोय केवळ ॲलिस स्प्रिंग्जमध्ये होती. पाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या किंटोरसारख्या वस्तीतील वृद्धांना घर, नातवंडे आणि पूर्वजांची भूमी सोडून शहरात एकाकी मरण पत्करावे लागे. समाजातील जाणते गेले, की त्यांच्याबरोबर कथा, विधी आणि चित्रांचे ज्ञानही जात असे. सन २००० मध्ये कलाकारांनी एकत्र येऊन मोठी चित्रे रंगविली आणि सिडनीच्या कलासंग्रहालयात त्यांचा लिलाव झाला. त्यातून दहा लाख डॉलरहून अधिक निधी उभा राहिला. त्याच निधीतून ‘पर्पल हाऊस’ या नावाने ओळखली जाणारी संस्था आकारास आली आणि २००४ मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झाले. आज ही संस्था अनेक दुर्गम वस्त्यांत ही सेवा देते आणि पारंपरिक वनौषधींपासून बनविलेली मलमे विकून आपल्या खर्चाचा काही भार उचलते. व्यापारातून धर्मादाय आणि धर्मादायातून समाजाचे रक्षण, ही परंपरा ज्या घरांत पिढीजात आहे, त्यांना या कथेचे मोल अधिक कळेल.

प्रतिकृतींचा बाजार

जेथे नाव होते, तेथे नक्कल येतेच. व्हिएतनाममध्ये ॲबोरिजिनल कलाकारांच्या चित्रांचे गालिचे विणून ते विनापरवानगी ऑस्ट्रेलियात आणणाऱ्या कंपनीविरुद्ध १९९४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. त्यानंतरही प्रकार थांबले नाहीत. इंडोनेशियात तयार केलेल्या बूमरँग आणि डिजेरिडू यांसारख्या वस्तू ॲबोरिजिनल कलाकारांनी हाताने रंगविल्याचा आभास निर्माण करून विकल्याबद्दल ‘बिरुबी आर्ट’ या कंपनीला २०१९ मध्ये २३ लाख डॉलरचा दंड झाला. दोन-सव्वादोन वर्षांत अशा अठरा हजारांहून अधिक वस्तू विकल्या गेल्या होत्या. परंतु कंपनी तोवर दिवाळखोरीत निघालेली असल्याने दंडाचा उपयोग इतरांना इशारा देण्यापुरताच उरला. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार या शैलीच्या स्मरणवस्तूंवर पर्यटक जो खर्च करतात, त्यातील निम्म्याहून बराच अधिक भाग अशा नकली मालावर जातो.

खऱ्या मालाच्या जागी हुबेहूब खोटा माल खपविणे, म्हणजे ‘प्रतिरूपक व्यवहार’, याची गणना आपल्याकडे अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत झालेली आहे. येथे तर चोरी दुहेरी आहे. ग्राहकाचा पैसा जातो आणि एखाद्या कुळाला वारशाने मिळालेले चिन्ह त्याच्या परवानगीशिवाय परक्याच्या यंत्रावर छापले जाते.

अस्सल चित्राच्या बाबतीतही न्याय आपोआप होत नाही. क्लिफर्ड पॉसम यांचे ‘वार्लुगुलाँग’ हे १९७७ मधील भव्य चित्र प्रथम १,२०० डॉलरला विकले गेले. २००७ मध्ये राष्ट्रीय कलादालनाने ते २४ लाख डॉलरला घेतले. या वाढीत चित्रकाराच्या वारसांना वाटा देणारा कायदा तेव्हा नव्हता. जून २०१० पासून एक हजार डॉलर किंवा अधिक किमतीच्या पुनर्विक्रीवर ५ टक्के रक्कम कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा नियम अमलात आला.

ग्राहकाच्या हाती असलेले

शिक्षण, नोकरी आणि व्यवसायानिमित्त ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मुलांकडे आपल्या समाजातील अनेक आईवडील जातात. अशा प्रवासात चार गोष्टी ध्यानात ठेवल्यास पैसा योग्य हाती पडतो. पर्यटनसेवा निवडताना मार्गदर्शक कोण, एवढेच न विचारता कंपनी कोणाची, असे विचारावे. वस्तू घेताना कलाकाराचे नाव, त्याचा समाज आणि त्याला मिळणारा वाटा विचारावा. प्रामाणिक दुकानदाराला हे प्रश्न आवडतात. नाव नसलेली, ‘ॲबोरिजिनल शैलीची’ एवढेच लिहिलेली वस्तू टाळावी. शक्यतो समाजाच्या मालकीच्या कलाकेंद्रातून किंवा ‘इंडिजिनस आर्ट कोड’ ही आचारसंहिता स्वीकारलेल्या विक्रेत्याकडून खरेदी करावी.

त्यासाठी दूर वाळवंटात जावेच लागते असे नाही. मेलबर्नमध्ये फेडरेशन स्क्वेअर येथे ‘कूरी हेरिटेज ट्रस्ट’ आहे आणि सिडनी बंदरात ‘ट्रायबल वॉरियर’ संस्थेचा नौकाविहार आहे. क्वीन्सलँडच्या मॉसमन घळीत कुकू यलांजी समाजाचे मार्गदर्शक पर्जन्यवनातील वनस्पतींची ओळख करून देतात. काही सहलींत शिकारीवर आणि मत्स्याहारावर आधारित पदार्थ दिले जातात, तेव्हा नोंदणी करतानाच आपला आहार स्पष्ट सांगावा. बाभळीच्या बियांची भुकटी, लेमन मर्टलची सुगंधी पाने, क्वाँडाँगसारखी रानफळे आणि मूळचा तेथीलच मॅकाडेमिया असा वनस्पतिज मेवाही त्या भूमीत विपुल आहे. कातडे किंवा पिसे वापरलेल्या वस्तू नको असतील, तर लाकडी कोरीव काम आणि कापडावरील चित्रे सहज मिळतात.

ऑस्ट्रेलियात आज ज्या वस्तीत नौका, कलाकेंद्र किंवा छोटे विश्रामगृह समाजाच्या मालकीचे आहे, तेथील तरुणाला आपली भाषा आणि आजोबांचे ज्ञान हे ओझे न वाटता भांडवल वाटू लागते. त्या भांडवलावर पेढी उभी करणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. नव्या पेढीला पहिल्या काही वर्षांत सर्वांत अधिक गरज असते ती चोखंदळ आणि पूर्ण दाम मोजणाऱ्या गिऱ्हाइकाची, हे ज्यांच्या पूर्वजांनी एका लहानशा गाळ्यातून प्रारंभ केला, त्यांना कोणी सांगावे?